चीनला यंत्र बघायला जाताय? बॅगेआधी कागद भरा

वाचकाचे पत्र

सांगलीजवळ आमचा हळद, मिरची पूड आणि कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे. पाकिटे अजून हातानेच भरून सील करतो. १०० आणि २०० ग्रॅमची पाकिटे भरणारे यंत्र चीनहून आणायचे ठरवले आहे. ऑक्टोबरात ग्वांगझूच्या कँटन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला जायचे आणि मग फोशान व रुइआन इथल्या दोन उत्पादकांचे कारखाने बघायचे, असा बेत आहे. दोघांशी चार महिने ईमेलवर बोलणे चालू आहे. फोशानचे लोक म्हणतात, हाच भाव हवा असेल तर येण्याआधी ३० टक्के रक्कम पाठवा. पाठवावी का? कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे वगैरे व्हिडिओ पाहून शिकलो आहोत. आम्ही शाकाहारी आहोत, दारू घेत नाही. त्यामुळे बोलणी बिघडतील का? आणि ज्यांच्या नावावर कारखाना आहे ते ६८ वर्षांचे वडील मीही येतो म्हणतात. त्यांना न्यावे का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

तातडीचे आधी. फोशानला एक रुपयाही पाठवू नका. भाव धरून ठेवायला आगाऊ रक्कम लागत नाही. कोटेशनवर ‘हा भाव अमुक तारखेपर्यंत लागू’ एवढी एक ओळ पुरते. ६० दिवसांची मुदत मागा. खरा उत्पादक ती देतो. मालक महिनाभरात स्वतः कारखान्यात येणार हे माहीत असूनही जो आधी पैसे मागतो, त्याला तुमच्या भेटीपेक्षा तुमची रक्कम जास्त हवी आहे. असे लोक लबाडच असतात असे नाही, पण तुम्ही तपासण्याआधी बांधले जाता.

ईमेलवर आजच त्यांचा व्यवसाय परवाना मागा. चीनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीकडे तो असतो आणि त्यावर १८ अंकाक्षरांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक छापलेला असतो. या क्रमांकातले तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सहा अंक कंपनीची नोंदणी कुठली ते सांगतात. फोशानची कंपनी असेल तर ते ४४०६ने सुरू होतात. स्वतःला फोशानचा उत्पादक म्हणवणाऱ्याच्या परवान्यावर दुसराच प्रांत निघाला, तर कारण विचारा. हाच क्रमांक चिनी सरकारच्या उद्योग-पत माहितीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी चालू आहे की बंद, कायदेशीर प्रतिनिधी कोण, नोंदणी कधीची आणि व्यवसायाची व्याप्ती काय, हे दिसते. संकेतस्थळ चिनी भाषेत आहे, म्हणून हे काम दुभाष्याकडून करून घ्या. व्याप्तीत ‘निर्मिती’ नसून फक्त ‘विक्री’ असेल तर समोर व्यापारी आहे. व्यापाऱ्याकडून घेण्यात पाप नाही, पण मग कारखाना कोणाचा, सुटे भाग कोण देणार आणि बिघाड झाला तर फोन कोण उचलणार, ही उत्तरे आधी मिळायला हवीत.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. चिनी कंपनीचे इंग्रजी नाव हे सोयीचे नाव असते. कायद्याला तिचे चिनी लिपीतले नाव कळते. परवाना, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (मालाआधी येणारे कच्चे बिल), करार आणि बँक खाते या चारही ठिकाणी ते नाव एकच हवे. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावावर किंवा तिसऱ्याच देशात असेल तर थांबा. व्यवहाराच्या मध्येच ‘आमचे खाते बदलले’ असा ईमेल आला तर कार्डावर छापलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करून, ओळखीच्या आवाजाकडून खात्री केल्याशिवाय पैसे सोडू नका. ईमेल चोरून पैसे वळवण्याचे प्रकार बहुतेक याच टप्प्यावर होतात.

चार महिने ईमेल झाल्यावर भेटीत नव्याने बोलण्यासारखे थोडेच उरते. तुम्ही जाणार आहात ते तपासायला. म्हणून कार्ड कसे द्यायचे यापेक्षा हातात कोणता कागद असेल याची जास्त काळजी घ्या. तो कागद म्हणजे तुमच्या मालाची आणि तुमच्या मागणीची दोन पानी नोंद.

ही नोंद घरीच तयार होते. तिन्ही मसाले वेगवेगळे मोजा. एक लिटरचे माप न ठोकता पुडीने सपाट भरा आणि वजन लिहा. मग तेच माप शंभर वेळा हलके आपटा आणि पूड किती खाली बसली ते लिहा. पूड जितकी जास्त खाली बसते, तितके स्क्रूने भरलेल्या पाकिटाचे वजन मागेपुढे होते, कारण ऑगर, म्हणजे पूड ढकलणारा हा स्क्रू, प्रत्येक फेऱ्यात ठरावीक घनफळ ढकलतो आणि वजन त्याला कळत नाही. पूड किती बारीक जाळीतून चाळली ते, ओलावा आणि तेलाचे प्रमाण लिहा. तुमचा खरा पेच कांदा-लसूण मसाला आहे. हळद कोरडी असते, वाहते आणि उडते. कांदा-लसूण मसाला तेलकट असतो, त्याच्या गुठळ्या होतात, तो हॉपरच्या, म्हणजे पूड ओतायच्या नरसाळ्याच्या, भिंतीला धरतो आणि मध्ये पोकळी करतो, मग ऑगर रिकामा फिरतो. म्हणून हॉपरमध्ये ढवळणी कशी आहे आणि तिचा वेग ऑगरपासून वेगळा ठेवता येतो का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. उलट हळदीचा त्रास सीलला होतो. उडालेली धूळ फिल्मच्या आत, सील करणाऱ्या गरम जबड्यात सापडणाऱ्या पट्टीवर बसते, तिथे प्लास्टिक एकजीव होत नाही आणि पाकीट दुकानात जाऊन गळते. त्यासाठी ऑगरच्या तोंडाशी गळती थांबवणारी झडप आणि धूळ ओढणारी नळी मागा. या दोन वस्तू पुष्कळदा ‘ऐच्छिक’ म्हणून भावाबाहेर ठेवलेल्या असतात.

पाकिटाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये द्या. मागे मधोमध सील असलेल्या पाकिटाला फिल्मची रुंदी पाकिटाच्या दुप्पट अधिक साधारण २० मिलिमीटर लागते. म्हणजे १०० मिलिमीटर रुंद पाकिटाला २२० मिलिमीटरचा रोल. दोन मापांची पाकिटे म्हणजे दोन फॉर्मर, म्हणजे फिल्मला पाकिटाचा आकार देणारे साचे. दुसरा भावात धरला आहे का ते लिहून घ्या. वीज तर विसरूच नका. चीनमध्ये तीन फेज ३८० व्होल्टची असते, आपल्याकडे ४१५ची. फ्रीक्वेन्सी दोन्हीकडे ५० हर्ट्झच. मोटर, हीटर आणि काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) ४१५ला चालतील असेच बसवा, हे करारात हवे. ‘बसेल’ या शब्दावर सोडले तर पहिल्या उन्हाळ्यात हीटर जातात.

वजनातला फरक किती चालेल तेही आकड्यात द्या. आपल्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत १०० ग्रॅमच्या पाकिटाला कमाल ४.५ ग्रॅमची आणि २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमची तूट चालते, पण सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. यंत्राकडून याहून बरेच काटेकोर मागा, उदाहरणार्थ १०० ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम. नाहीतर सरासरी सांभाळायला प्रत्येक पाकिटात जास्तीचा मसाला भरत राहाल.

हे सगळे चिनी भाषेत उतरवून घ्या आणि जाण्याच्या तीन आठवडे आधी दोन्ही कारखान्यांना पाठवा. सोबत लिहा की भेटीच्या दिवशी यंत्र पूड भरून चालताना बघायचे आहे. रिकामे यंत्र मिनिटाला ६० पाकिटे सहज दाखवते. १०० ग्रॅम पूड भरताना तोच आकडा ४०वर येऊ शकतो. घरची पूड बॅगेतून नेऊ नका. चीनच्या सीमेवर वनस्पतिजन्य पदार्थांची कडक तपासणी असते आणि पाकीट जप्त होऊ शकते. हळद आणि मिरची पूड तिथे विकत मिळते. कांदा-लसूण मसाल्याच्या जागी मिरची पुडीत तुमच्या प्रमाणात तेल मिसळून चाचणी घ्यायला सांगा. त्या पुडीचा खर्च कोणाचा हेही आधी ठरवा. रक्कम छोटी असते, पण ऐन वेळी त्यावरून चेहरे पडतात.

आता तारखा. कँटन फेअर १९५७ पासून वर्षातून दोनदा भरते. शरद ऋतूतला पहिला टप्पा १५ ते १९ ऑक्टोबर असतो आणि यंत्रसामग्री याच टप्प्यात असते. २३ तारखेपासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गेलात तर घरगुती आणि सजावटीच्या वस्तू बघून परत याल. १ ते ७ ऑक्टोबर तिथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, त्या आठवड्यात कोणी ईमेललाही उत्तर देत नाही; म्हणून कागदपत्रे सप्टेंबरातच संपवा. फेअरच्या दिवसांत उत्पादकाचे विक्रीचे लोक स्टॉलवर असतात आणि मालक इकडेतिकडे. त्यामुळे दोन दिवस फेअर बघा आणि कारखान्यांच्या भेटी १९ तारखेनंतर ठेवा, तेव्हा मालक निवांत भेटतात. फेअरमध्येही या दोघांखेरीज आणखी दोन-तीन उत्पादक बघा. स्टॉलचा क्रमांक, कार्ड आणि यंत्र एकाच फोटोत घ्या, नाहीतर रात्री हॉटेलात कोणाचे कार्ड कोणाच्या यंत्राचे ते आठवत नाही.

व्हिसा ‘एम’ प्रकारचा, व्यापाराचा. फेअरला नोंदणी केल्यावर त्यांचे निमंत्रण मिळते, शिवाय कारखान्याचेही घ्या. त्या पत्रात तुमचे नाव, जन्मतारीख, येण्याजाण्याच्या तारखा, भेटीची गावे, खर्च कोण करणार, त्यांचा पत्ता-फोन, सही आणि कंपनीचा शिक्का हवा. नाव पासपोर्टातल्याप्रमाणे अक्षरनअक्षर. फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, कारण यंत्र तयार झाल्यावर चाचणीला पुन्हा जावे लागेल. एकाच प्रवेशाचा मिळाला तर मध्ये हाँगकाँगला फेरी मारू नका. तिथे पाऊल टाकले की तुम्ही मुख्य भूमीतून बाहेर पडलात आणि व्हिसा संपला. २०२० पासून बंद असलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही ग्वांगझूपासूनच. बँकॉक किंवा सिंगापूरमार्गेही जाता येते.

ग्वांगझूहून रुइआनला जायला वेनझोऊचे विमान घ्याल. तिथल्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून चिनी ‘३सी’ ही सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेली बहुतेक विमानतळावरच ठेवून घेतली जाईल. त्या प्रवासाला एखादा फोन जास्तीचा न्या किंवा तिथेच खूण असलेली विकत घ्या.

फोनचे गणित वेगळे आहे. वीचॅट या चिनी संदेश ॲपवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी आहे, आणि तिकडे गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप स्थानिक जाळ्यावर उघडत नाही. आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर साधारणपणे हे सगळे चालते, म्हणून हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. समोरचा माणूस पहिल्याच मिनिटाला वीचॅटचा क्यूआर कोड पुढे करेल. मोकळेपणाने सांगा की भारतात ते चालत नाही, आपले लेखी सगळे ईमेलवर. त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. पैशांसाठी युआन रोख ठेवा, त्यातही १० आणि २०च्या नोटा जास्त. रोख नाकारणे तिथे नियमाविरुद्ध आहे, पण दुकानात सुटे नसतात. मोठ्या हॉटेलला फॉरेक्स कार्ड. हॉटेल आणि दोन्ही कारखान्यांचे पत्ते चिनी लिपीत छापून खिशात ठेवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरे दाखवून उपयोग नाही.

दुभाषी स्वतःचा घ्या. कारखान्याची विक्री अधिकारी मुलगी उत्तम इंग्रजी बोलते, पण ती पगार त्यांचा घेते. तुमच्या तक्रारीचा सूर ती मऊ करूनच पुढे पोचवणार, आणि तिच्या जागेवरून तिचे बरोबरच आहे. ग्वांगझूत दिवसाच्या हिशेबाने दुभाषी मिळतात. यंत्रांची भाषा येणारा निवडा आणि त्याला तुमची दोन पाने, तसेच ऑगर, जबडा, फॉर्मर, हीटर अशा तीसेक शब्दांची यादी आठवडाभर आधी द्या. बोलताना दुभाष्याकडे नाही, समोरच्या मालकाकडे बघा. दोन वाक्ये झाली की थांबा.

भेटीत ऐकू येणाऱ्या काही शब्दांची पारख करून ठेवा. ‘मेइ वेन्ती’ म्हणजे काही अडचण नाही. त्याचा अर्थ ‘हो’ असा घेऊ नका. पुष्कळदा तो ‘तुमचे म्हणणे ऐकले’ एवढाच असतो. ‘छाबुदुओ’ म्हणजे जवळपास तसेच. वजन आणि मापाच्या बाबतीत हा शब्द आला की लगेच आकडा विचारा. ‘विचार करून बघतो’ हे बहुतेक वेळा नम्र नकार असते. तोंडावर ‘नाही’ म्हणणे तिथे समोरच्याचा मान घालवणे समजतात. म्हणून हो-नाहीचे प्रश्नच विचारू नका. ‘धूळ ओढायची नळी बसवाल का?’ याऐवजी ‘नळी कुठे बसवणार, कोणत्या व्यासाची, तिचा भाव किती?’ असे विचारा. उत्तर मिळाले तर ती बसणार आहे. रक्कम नेहमी गणकयंत्रावर टाइप करून दाखवा. चिनी मोजणीत दहा हजारांचा एक गट असतो, त्याला ते ‘वान’ म्हणतात, आणि भाषांतरात एखादे शून्य गळणे अगदी सहज होते. शिवाय ते बोटांवर आकडे दाखवतात तेव्हा अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ.

मालकाला आडनावापुढे ‘त्सोंग’ जोडून हाक मारतात: वांग त्सोंग, चेन त्सोंग. मराठी माणसाला हा उच्चार सोपा आहे, ‘चमचा’तल्या ‘च’च्या जवळचा. आडनाव तिथे आधी येते हे ध्यानात ठेवा. कार्डाची एक बाजू सोप्या केलेल्या चिनी लिपीत छापून घ्या आणि त्यावर हुद्दा स्पष्ट लिहा, कारण तुमच्याशी कोणी बोलायचे हे ते हुद्द्यावरून ठरवतात. दोन्ही हातांनी द्या, घेतल्यावर वाचा, टेबलावर समोर ठेवा, एवढे पुरे. तुमच्या माहितीपत्रकावर भारताचा नकाशा असेल तर मात्र ते नेऊ नका. सीमारेषांमुळे विमानतळावरच प्रश्न उभा राहू शकतो. सीमा, तैवान, तिबेट हे विषय गप्पांतही नकोत. बोलायला आपल्याकडे सुंदर विषय आहे. तुमच्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच सेवा करताना वारले. तिकडे त्यांना ‘के दीह्वा’ म्हणतात. विशेषतः वयस्कर चिनी माणसाला ते नाव सांगून बघा.

कारखान्यात चहाआधी वर्कशॉप बघायला मागा. लेथ, वेल्डिंग, कापलेले स्टीलचे पत्रे, अर्धवट जोडलेली चार-पाच यंत्रे दिसली तर इथे काही बनते. नुसती प्लास्टिकात गुंडाळलेली तयार यंत्रे आणि त्यांवर वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या दिसल्या तर हा गाळा दाखवण्यापुरता आहे. ऑगर कुठे बनतो ते विचारा. पुडीच्या यंत्राचा तो जीव आहे, आणि ‘बाहेरून आणतो’ असे उत्तर आले तर कुठून ते लिहून घ्या. तुमच्या कारखान्यात सीलिंग सांभाळणारा माणूस बरोबर नेता आला तर अवश्य न्या. जबडा बदलायला किती वेळ लागतो, धुताना हात कुठे पोचत नाही, हे मालकाला दिसत नाही, त्याला दिसते. दोष आढळला तर चारचौघांत, कामगारांसमोर बोट दाखवू नका. वहीत टिपा आणि नंतर मालकाशी बसून ‘हे असे कसे सुधारता येईल?’ असे विचारा. आतला मजकूर तोच राहतो, पण उत्तर खरे मिळते. भारतात दिलेल्या तीन यंत्रांचे पत्ते मागा आणि परतल्यावर फोन करा.

जेवणाबद्दल निर्धास्त राहा. शाकाहारामुळे किंवा दारू न घेतल्यामुळे सौदा मोडत नाही. ऐन टेबलावर सांगितल्याने मात्र यजमानाची पंचाईत होते, कारण त्याने पदार्थ आधीच सांगितलेले असतात. आठवडाभर आधी लेखी कळवा. ‘वो छर सू’, म्हणजे मी शाकाहारी, एवढे पुरत नाही. भाजीतही ऑयस्टर सॉस, डुकराची चरबी आणि कोंबडीची पूड पडते. मांस, मासे, अंडे आणि या तिन्ही गोष्टी नकोत असे चिनी कार्ड दुभाष्याकडून लिहून घ्या. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खाणावळीत बहुधा कांदा-लसूणही नसतो. नवरात्राचा उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू न्या. खव्याची मिठाई आणि ताजी फळे मात्र सीमेवर अडतात. गोल टेबलावर दाराकडे तोंड करून यजमान बसतो आणि त्याच्या उजवीकडे मुख्य पाहुणा, तेव्हा बसवतील तिथेच बसा. पेला उचलून ‘गानबेइ’ म्हटले म्हणजे तळ गाठायचा. तुम्ही चहाचा पेला उचला आणि ‘दारूऐवजी चहा’ असे म्हणा. चिनी भाषेत ही रूढ पद्धत आहे, त्यात उणेपणा नाही. पेला भिडवताना आपली कड थोरांच्या पेल्याच्या कडेखाली ठेवा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ते मर्तिकाच्या उदबत्तीसारखे दिसते.

भेटवस्तू एकच न्या, मालकाला, सगळ्यांच्या वतीने. सावंतवाडीची गंजिफा किंवा हिमरू शाल उत्तम. घड्याळ नको, कारण ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंत्यविधीला जाणे’ यांचा उच्चार एकच होतो. छत्री, सुरी-कात्री आणि चपलाही टाळा. कोल्हापुरी कितीही द्यावीशी वाटली तरी ती घरच्यांसाठीच.

आता पैसे आणि करार. रुइआन-फोशानकडच्या यंत्रांना ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी ही नेहमीची पद्धत आहे. तुम्ही ३०, ६० आणि उभारणीनंतर १० असे मागा. छोटे उत्पादक शेवटच्या १० टक्क्यांना सहसा तयार होत नाहीत. तिथे हट्टाने बोलणी मोडू नका. त्याऐवजी ७० टक्के ‘लेखी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर’ असे बांधून घ्या. ती चाचणीही करारातच मांडा. तुमच्या छपाईच्या फिल्मवर, मिनिटाला ४० या वेगाने, सलग अर्धा तास. म्हणजे १,२०० पाकिटे आणि सुमारे १२० किलो पूड. दर तीन मिनिटांनी पाच पाकिटे वजन करायची आणि शेवटी ५० पाकिटे पाण्यात दाबून बुडबुडे बघायचे. किती नापास चालतील तो आकडा लिहा. स्वतः जाता आले नाही तर एसजीएस किंवा ब्युरो व्हेरिटाससारख्या तपासणी संस्थेचा माणूस पाठवता येतो. आपल्या फिल्मचे ५०० मीटरचे दोन रोल त्याआधी कुरिअरने पाठवा.

करार दोन भाषांत हवा आणि मतभेद झाल्यास कोणती भाषा ग्राह्य तेही लिहिलेले हवे. सहीपेक्षा शिक्का महत्त्वाचा: गोल, लाल, मध्ये तारा, भोवती कंपनीचे चिनी नाव. करारासाठीचा वेगळा शिक्काही असतो, तोही चालतो. पाने एकमेकांवर सरकवून त्यांच्या कडांवर आडवा शिक्का मारून घ्या, म्हणजे मधले पान बदलता येत नाही. वादासाठी भारतीय न्यायालयाचे नाव घालून समाधान मानू नका. तिथला निवाडा चीनमध्ये वसूल करणे जवळपास अशक्य. लवाद लिहा, सिंगापूर किंवा हाँगकाँगचा. १९५८च्या न्यूयॉर्क करारात भारत आणि चीन दोन्ही आहेत, त्यामुळे लवादाचा निर्णय चीनमध्ये लागू करून घेता येतो. पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, पासवर्ड यंत्राबरोबर मिळेल हे लिहून घ्या. बाकी रकमेसाठी ठरावीक दिवसांनी यंत्र आपोआप बंद पाडणारे कुलूप काही जण आत घालतात. त्यांचा तंत्रज्ञ इकडे येईल यावर उभारणी टांगू नका. व्हिसाला वेळ लागतो. तुमच्या माणसाला तिथेच दोन दिवस शिकवा आणि जोडणीचे चित्रीकरण घ्या. पेटीच्या लाकडावर आयएसपीएम-१५ची, म्हणजे कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याची, खूण हवी, आणि यंत्राला बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) कोणता आदेश लागू होतो का ते ऑर्डर देण्याआधी तुमच्या सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्काचे काम बघणाऱ्या एजंटकडून, लेखी घ्या.

यंत्र कधी निघेल हे चिनी नववर्षावर ठरते. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आसपास कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात, आणि आधीचे दोन आठवडे गावी निघालेले कामगार घाईत काम उरकतात. ऑक्टोबरअखेर आगाऊ रक्कम गेली तर चाचणी १५ जानेवारीच्या आत ठेवा. ते जमत नसेल तर सरळ मार्च धरा. मधल्या घाईतले यंत्र घेऊ नका. परतल्यावर दोन दिवसांत, काय ठरले याची क्रमवार नोंद चिनी भाषांतरासह ईमेल करा आणि ‘मान्य’ असे उत्तर येईपर्यंत रक्कम थांबवा.

आणि वडील. त्यांना न्या. चिनी यजमान खोलीत आधी येणाऱ्यालाच प्रमुख समजतो आणि वयाला मान देतो. ते पुढे आले, मधोमध बसले आणि थोडेच बोलले तरी समोरचा मालक स्वतः बसेल, विक्री अधिकाऱ्यावर सोडणार नाही. भावाची घासाघीस तुम्ही करा, शेवटचा होकार त्यांच्याकडे राखून ठेवा. ‘वडिलांना विचारून सांगतो’ हे तिथे पूर्ण समजते आणि तुम्हाला रात्रभर विचार करायला वेळ मिळतो. फक्त फेअरला त्यांना नेऊ नका. ते प्रदर्शन पंधरा लाख चौरस मीटरवर पसरलेले आहे आणि दिवसभराची चाल तरुणांचेही पाय मोडते. त्यांचे तिकीट दोन-तीन दिवस उशिराचे काढा, १८ तारखेला ग्वांगझूत उतरून एक दिवस विश्रांती, आणि २०ला थेट फोशानच्या कारखान्यात.